ब्रेकसरांची परीक्षा

ब्रेकसरांचा उजवा पाय हा त्यांच्या बाकीच्या अंगापेक्षा जास्त नोकरी केलेला पाय होता. एकतीस वर्षं ते ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत चालवणाऱ्याच्या शेजारी बसत आले होते, आणि अशा गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक जादा ब्रेक असतो. समोरून बस आली, दाब. म्हातारी आडवी आली, दाब. विद्यार्थ्याला आईचा फोन आला, आधीच दाब. शेवटी शेवटी हा पाय सरांना विचारीनासा झाला. सर रिक्षात बसले तरी तो दाबायचा, टीव्हीवरच्या सिनेमात गाडी कड्याकडे निघाली तरी दाबायचा. एकदा दाढी करताना न्हाव्याने वस्तरा जरा झपकन आणला, तेव्हा सरांनी खुर्चीची पायटेकणी मोडली होती.

त्यांचं खरं नाव शाळेच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण. सगळा भाग त्यांना ब्रेकसर म्हणायचा. पाटीखाली त्यांनी स्वतः रंगवून घेतलेलं एक वाक्य होतं: "नियम पाळा. उशीर होईल." त्यांच्या बायकोने, म्हणजे शाळेच्या टेबलामागे बसून फॉर्म भरून घेणाऱ्या काकूंनी, हे वाचून कोण आत येणार आहे असं तेव्हाच विचारलं होतं. सर म्हणाले होते, जे येतील ते तरी खरे येतील.

सरांचा आणखी एक कायदा होता. नवा विद्यार्थी पहिल्या दिवशी स्टिअरिंगला हात लावण्याआधी त्याला उजवा हात वर करून मोठ्याने म्हणावं लागे, "शिकाऊ गाडीच्या मागे मी कधीही हॉर्न वाजवणार नाही." वकील म्हणाले, डॉक्टर म्हणाले, एक सासू आणि तिची सून एकाच दिवशी म्हणाल्या. आणि लायसन हातात पडल्यावर आठव्या दिवशी हीच मंडळी सरांच्या गाडीमागे येऊन भोंगा फुटेपर्यंत वाजवायची. "शपथ माझ्यासमोर, हॉर्न माझ्या मागे," सर म्हणायचे. एकतीस वर्षांत त्यांचे कान किटले होते, पण शपथ काही त्यांनी बंद केली नाही.

तर अशा माणसाला एक दिवस लायसन ऑफिसातून पत्र आलं. पंचावन्न वर्षांवरच्या प्रत्येक प्रशिक्षकाने स्वतः गाडी चालवण्याची परीक्षा नव्याने द्यावी. संधी दोन. दोन्हीत नापास झाल्यास शिकवण्याचा परवाना रद्द.

काकूंनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "अहो, तुम्ही शेवटची गाडी कधी चालवली होती?"

"रोज चालवतो."

"रोज शेजारी बसता. चालवली कधी?"

सर आठवायला लागले आणि आठवता आठवता त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांच्या गल्लीत मोटारी मावायच्या पंधरा आणि राहायच्या सव्वीस. एकीच्या पोटात एक अशा त्या रात्रभर उभ्या असत. दारं उघडायला जागा नसल्याने निम्मी गल्ली आपल्या गाडीत डिकीतून शिरायची. कोणाची गाडी कितीला निघते, ती निघायला आधी कोणाची सरकावी लागते, हे सगळं गणित काकूंच्या डोक्यात होतं. म्हणून शाळेची गाडी सकाळी बाहेर काढायच्या त्याच आणि संध्याकाळी आत लावायच्याही त्याच. सर गल्लीच्या तोंडाशी उभे राहत. तिथे सकाळी सहाचा विद्यार्थी स्टिअरिंगवर बसे, सर शेजारी. संध्याकाळी शेवटचा विद्यार्थी तिथेच उतरे. मध्ये सरांनी स्टिअरिंग धरायला जागाच उरत नव्हती. हिशोब केला तर एकोणीस वर्षं झाली होती, आणि ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती. सरांच्यासुद्धा.

"दिव्याखाली अंधार," काकू म्हणाल्या.

"पोहणं आणि ड्रायव्हिंग माणूस विसरत नाही," सर म्हणाले.

"तुम्हाला पोहता येत नाही."

सर गुपचूप सराव करायचा म्हणाले. पण ज्या शहरात माणसाला शिंकायलाही शेजाऱ्याचा कोपर सरकवावा लागतो, तिथे गुपचूप काही करायचं तर करायचं कुठे? पहाटे पाचला मंडईमागचा रस्ता मोकळा असेल म्हणून गेले, तर भाजीचे ट्रक सगळे तेव्हाच येतात असं कळलं. दुपारी मैदानावर गेले, तर तिथे सायकल शिकणारी मुलं, त्यांचे बाप आणि बापांना शिकवणारे आजोबा होते. शेवटी दोघं रात्रीच्या जेवणाआधी गल्लीतच, उभ्या गाडीत डिकीतून शिरून बसायला लागले. इंजिन बंद. सर स्टिअरिंगवर, काकू शेजारी. सर तोंडाने म्हणायचे, "आता पहिला टाकला, आता क्लच सोडतोय," आणि काकू म्हणायच्या, "समोरून बस आली."

घरात मुलगा, सून, नातू आणि दोन खोल्या. त्यामुळे नवरा-बायको संध्याकाळी गाडीत जाऊन बसतात याचा गल्लीने आपल्या परीने अर्थ लावला. वरच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांनी, ज्यांच्या गॅलरीतून सगळी गल्ली दिसायची, तिसऱ्या दिवशी खाली येऊन काचेवर टकटक केली आणि चहाचे दोन कप आत सरकवले.

"घरात बोलायला जागा राहिली नाही हो आजकाल," ते हळूच म्हणाले. "बसा निवांत. मी पोरांना इकडे फिरकू देत नाही."

सरांनी मूग गिळून चहाही गिळला.

परीक्षेचा दिवस उजाडला. काकूंनी गाडी लायसन ऑफिसच्या अंगणात नेऊन लावली आणि त्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या. परीक्षा घ्यायला जो अधिकारी बाहेर आला, तो सरांना पाहून जागच्या जागी ताठ झाला. चौदा वर्षांपूर्वी तो सरांकडेच शिकला होता. त्याला तिसरा गिअर कधी सापडत नसे, म्हणून सरांनी त्याचं नाव तिसरा ठेवलं होतं. आता त्याच्या खांद्यावर पट्ट्या होत्या आणि हाताखाली त्याला साहेब म्हणणारी चार माणसं होती.

"सर, तुमची परीक्षा मी घ्यायची म्हणजे..." तो कानाच्या पाळीला हात लावून म्हणाला.

"नियम म्हणजे नियम. चल."

दोघं गाडीकडे निघाले. सरांचे पाय एकतीस वर्षं ज्या दाराकडे जायचे त्या दाराकडे गेले. सर आपल्या सीटवर बसले, पट्टा लावला. साहेब आला. सरांबरोबर गाडीत बसायचं म्हणजे कुठे बसायचं हे त्याच्याही पायांना पाठ होतं. तो मुकाट्याने स्टिअरिंगवर बसला, आरसा नीट केला आणि हात वर करायच्या बेतात होता, तेवढ्यात त्याला आठवलं की शपथ एकदाच घ्यायची असते.

"काढ गाडी," सर म्हणाले.

गाडी निघाली. मागे काकूंनी तोंड उघडलं आणि मिटलं.

पहिल्या वळणावर साहेबाने इंडिकेटर उशिरा दिला. सरांनी त्याला झापलं. मंडईच्या रस्त्याला दूधवाला आडवा आला, सरांच्या पायाने ब्रेक दाबला. आणि तेव्हा, ब्रेक बरोबर जिथे असायला हवा तिथे लागला म्हणूनच, सरांच्या लक्षात आलं की आपण कुठे बसलो आहोत. त्यांनी शेजारी पाहिलं. साहेब घामाघूम होऊन तिसरा गिअर शोधत होता. परीक्षा कोणाची चालली आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

एक शब्द बोलायचा होता. "थांब." हा शब्द सरांनी आयुष्यात सगळ्यांत जास्त वेळा उच्चारला असेल. तो त्या दिवशी त्यांच्या तोंडातून निघाला नाही. निघाला तो असा, "पुलाकडून घे. आणि चढावर हँडब्रेक विसरू नकोस."

अंगणात परत येऊन गाडी थांबल्यावर साहेबाने मोठा सुस्कारा सोडला आणि भीत भीत विचारलं, "सर, पास ना?" आणि मग त्याच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला. त्याने स्टिअरिंगकडे पाहिलं. सरांकडे पाहिलं. खिडकीतून त्याची चार माणसं बघत होती. त्याने घाईघाईने कागद काढला, त्यावर पास असा शिक्का मारला, सरांच्या हातात दिला आणि मागे न बघता ऑफिसात निघून गेला.

घरी जाताना गाडी काकू चालवत होत्या. कागद सरांच्या मांडीवर होता. काम झालं होतं, परवाना वाचला होता, आणि सरांना स्वतःची इतकी लाज वाटत होती की त्यांना काचेतून बाहेर बघवेना. चौकाचौकात लाल दिवा होता, आणि प्रत्येक लाल दिवा आपल्याकडेच बघतोय असं त्यांना वाटत होतं.

"गाडी वळव," ते म्हणाले.

काकू म्हणाल्या, "इथून वळायला बंदी आहे."

"मग पुढून वळव."

पुढूनही बंदी होती. एकेरी रस्ते, खोदकाम आणि मधोमध उभ्या केलेल्या टेम्पोंमुळे पश्चात्ताप झालेल्या माणसाला त्या शहरात मागे फिरायला अडीच किलोमीटर पुढे जावं लागायचं. पाऊण तासाने सर साहेबाच्या टेबलासमोर उभे होते.

"हा कागद फाड," ते म्हणाले. "परीक्षा तू दिलीस. मला मंडईतच कळलं होतं आणि मी गप्प बसलो. आणि तुझा इंडिकेटर अजून उशिरा लागतो."

साहेबाचे डोळे भरून आले, ते कशाने हे सांगणं कठीण आहे. त्याने कागद फाडला. मग दोघं पुन्हा गाडीशी गेले. सर मुद्दाम, एकेक पाऊल मोजत, दुसऱ्या दाराकडे गेले. साहेब सरांच्या सीटवर बसला आणि आदराने त्याने दोन्ही पाय सीटवर मांडी घालून घेतले, चुकूनही सरांच्या ब्रेकला लागायला नकोत म्हणून.

सरांनी गाडी अंगणाबाहेर काढली. छान काढली. मंडईचा रस्ताही पार केला. मग पुलाच्या चढावर सिग्नल हिरवा झाला, आणि मागच्या गाडीने रिवाजाप्रमाणे हॉर्न मारला. सरांचा उजवा पाय हॉर्नला नेहमी जे उत्तर द्यायचा ते त्याने दिलं. सगळा ब्रेक. डावा पाय एकोणीस वर्षं नुसता सोबतीला येत होता, त्याला क्लच नावाची वस्तू आठवली नाही. गाडीने उचकी दिली आणि बंद पडली. मागे दुसरा हॉर्न, तिसरा, मग सगळे. सरांनी चालू केली, बंद पडली. चालू केली, बंद पडली. चौथ्या वेळी सिग्नल पुन्हा लाल झाला आणि साहेब खिडकीबाहेर बघत अगदी बारीक आवाजात म्हणाला, "सर, पंधरा दिवसांनी या."

त्या संध्याकाळी शिंपीकाका चहा घेऊन खाली आले, तेव्हा सरांनी काच खाली केली.

"आम्ही इथे बोलायला बसत नाही," ते म्हणाले. "मला गाडी चालवता येत नाही. मी नापास झालो. पुन्हा झालो तर शाळा बंद."

शिंपीकाकांनी आयुष्यात बऱ्याच बातम्या गॅलरीतून मिळवल्या होत्या, पण इतकी मोठी बातमी त्यांना कोणी अशी हातात आणून दिली नव्हती. त्यांना ती पेलेना. ते कप घेऊन तसेच वर गेले आणि अर्ध्या तासात सगळ्या गल्लीला कळलं.

मग लपवायचं काही राहिलं नाही. काकूंनी दुसऱ्या दिवशी शाळेच्या वहीत नवा विद्यार्थी म्हणून सरांचं नाव लिहिलं, आणि पहाटे भर रस्त्यावर शिकवणी सुरू झाली. सर स्टिअरिंगवर बसून चावी फिरवणार, तोच काकू म्हणाल्या, "हात वर."

"अगं, मी..."

"हात वर करा."

सरांनी हात वर करून शपथ घेतली. गॅलऱ्यांतून टाळ्या आल्या.

काकू शिकवायला लागल्या आणि पहिल्याच वळणावर सरांना एक नवी गोष्ट कळली. काकू ब्रेक दाबत नव्हत्या. फळवाल्याची गाडी चार हातांवर आली, दोन हातांवर आली. सर ओरडले, "अगं, दाब ना." काकू मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. शेवटी सरांनीच दाबला, क्लचसकट. एक पपई गडगडत गाडीखाली गेली, बाकी सगळे सुखरूप राहिले.

"तुम्ही सगळ्यांच्या आधी दाबता," काकू म्हणाल्या, "म्हणून तुमच्या पोरांना ब्रेक लायसन मिळाल्यावर शिकावा लागतो. मी टेबलामागून एकतीस वर्षं बघतेय."

"मग सांगितलं का नाहीस कधी?"

"तुम्ही विद्यार्थी कधी होता?"

सरांना हे लागलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी काकूंना, पुढच्या वळणावर इंडिकेटर कधी द्यायचा, असं अगदी खरंखुरं विचारलं, आणि त्या दिवसापासून गाडी सुधारली. आरसे, वळणं, मागे घेणं, सगळं पुन्हा हातात आलं. एक हॉर्न मात्र काही केल्या जाईना. मागे वाजला की पायाने ब्रेक दाबलाच, गाडी बंद. कानात कापूस घालून पाहिला. कापूस घालून चालवणं नियमात बसत नाही म्हणून सरांनी स्वतःच तो काढला.

पंधराव्या दिवशी काकूंनी गाडी अंगणात उभी केली आणि त्या उतरून बाकावर जाऊन बसल्या. "मी मागे बसले की तुम्ही मला विचारणार," त्या म्हणाल्या. सर या खेपेला सरळ बरोबर दाराकडे गेले. साहेबाने मांडी घातली.

मंडई झाली. वळण झालं. पुलाचा चढ आला आणि अर्थातच सिग्नल लाल झाला. मागे गाड्या येऊन लागत गेल्या, आरशात बघवेना इतक्या. हा दिवा हिरवा होईल, मागून तो आवाज येईल, आणि उद्यापासून पाटी खाली उतरवावी लागेल, एवढं त्यांना स्पष्ट दिसत होतं. दिवा हिरवा झाला. सरांनी घाबरून क्लच लवकर सोडला आणि कोणी हॉर्न न वाजवताच गाडी बंद पडली.

सर खांदे आक्रसून वाट बघत राहिले.

काही वाजलं नाही. त्यांनी आरशात पाहिलं. मागे भाड्याची मोटार होती, तिच्यामागे शाळेची बस, तिच्यामागे पार मंडईपर्यंत सगळं भरलेलं. सगळे हात स्टिअरिंगवर ठेवून बसले होते. भाड्याच्या मोटारीतला माणूस तर काच खाली करून हाताने सांगत होता, सावकाश, सावकाश. बसमधली पोरं काचेला नाकं लावून बघत होती. त्या चौकात माणसांच्या बोलण्याचा आवाज ऐकू येतो हे सरांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

त्यांनी हँडब्रेक ओढला. चावी फिरवली. पहिला गिअर टाकला, क्लच हळूहळू सोडला. तेवढ्यात रांगेच्या पार शेपटाकडून एक लांबलचक हॉर्न आला. सरांचा उजवा पाय जागचा हलला नाही.

"तो आपल्याकडे शिकलेला नाही," सर म्हणाले आणि त्यांनी गाडी चढावर घेतली.

अंगणात आल्यावर साहेबाने शिक्का मारला. या वेळी सावकाश, नीट, सरळ मारला. सर कागद घेऊन उतरले आणि गाडीला वळसा घालून काकूंकडे निघाले, तेव्हा त्यांना गाडीची मागची बाजू दिसली. डिकीच्या दारावर, काचेच्या खाली, एक पांढरं कापड चारी बाजूंनी ताणून बांधलं होतं. त्यावर लाल दोऱ्याने, शिंपीकाकांच्या मशीनच्या टाक्याने, वीतभर अक्षरं शिवली होती: "सर शिकत आहेत. शपथ आठवा."

सरांनी ते दोनदा वाचलं. काकू बाकावरून उठून जवळ आल्या.

"हे कधी लावलंस?"

"तुम्ही आरसा पुसत होता तेव्हा."

"नंबरप्लेट झाकली जात नाही ना, बघितलं होतंस?"

"दोन बोटं वर आहे."

सरांनी वाकून बोटं लावून पाहिली. मग त्यांना नीट दिसेना, म्हणून डोळे पुसून पुन्हा लावून पाहिली.

"तीन आहेत," ते म्हणाले.

कापडाच्या गाठी त्यांनी सोडल्या नाहीत. घरी जायचं म्हणून ते सवयीने आपल्या दाराशी गेले आणि त्यांनी ते उघडलं, तर काकू त्यांच्या सीटवर पट्टा लावून, पाय ब्रेकपासून दूर घेऊन बसल्या होत्या. सरांनी दार हळूच लावलं आणि ते पुढून वळसा घालून गेले.